मोसंबीचे नाव राखले. झाड कोणी राखायचे?

2016 हे साल अंबड, घनसावंगी आणि बदनापूर या तालुक्यांतील मोसंबी उत्पादकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. त्या एका वर्षात परस्परांशी संबंध नसल्यासारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी घडल्या. एप्रिल महिन्यात, मराठवाडा दुष्काळाने होरपळत असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. जुलै महिन्यात राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. आणि त्याच वर्षी ‘जालना मोसंबी’ या नावाची भौगोलिक निर्देशनांच्या नोंदवहीत नोंद होऊन जिल्ह्याला मानाचे प्रमाणपत्र मिळाले. हारतुरे झाले, वृत्तपत्रांतून अभिनंदन झाले. पाणी कोणाचे, बाजार कोणाचा आणि नाव कोणाचे, हे तीन प्रश्न एकाच फळाच्या देठाशी येऊन मिळतात, याकडे मात्र त्या गडबडीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नावाचा प्रश्न सुटला, कारण तो सोडवायला खर्च येत नाही. उरलेले दोन प्रश्न खर्चाचे आहेत आणि हितसंबंधांचेही आहेत.

भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 चा. त्याची अंमलबजावणी 2003 पासून झाली. एखाद्या मालाचे गुण त्या प्रदेशाच्या मातीमुळे, हवेमुळे आणि तेथील माणसांच्या कसबामुळे आले असतील, तर त्या प्रदेशाचे नाव इतरांनी वापरू नये, एवढेच तो सांगतो. हा हक्क सामूहिक आहे, कोणा एका कंपनीचा नाही. समाजवादी विचाराच्या माणसाला म्हणून त्यात आक्षेपार्ह काही वाटू नये. उलट समाधानच वाटावे. शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी मिळून जे घडविले ते त्या सर्वांचे, हे तत्त्व मालमत्तेच्या आजच्या व्यवहारात कायद्याच्या पुस्तकात शिरले, ही लहान गोष्ट नव्हे. पण हक्क नोंदविणे वेगळे आणि तो हक्क ज्या वस्तूवर आहे ती वस्तू टिकविणे वेगळे. फळाचा वाण कागदावर राहत नाही. तो झाडात राहतो. आणि झाडाला मुळाशी पाणी लागते, खुंट निरोगी लागतो, आणि ते तोडून सरपण करण्यापेक्षा राखणे परवडेल असा भाव लागतो.

मोसंबी या भूमीची मूळ रहिवासी नाही. पूर्व आफ्रिकेतील मोझांबिक या एकेकाळच्या पोर्तुगीज वसाहतीवरून तिला हे नाव पडले, असे मानले जाते. गोड संत्रे या मोठ्या कुळाचे मूळ चीनच्या बाजूचे. परक्या मुलखातून आलेली जात एखाद्या मातीत रुजून तेथलीच होऊन जाते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ज्वारीही आफ्रिकेतून आली आणि मिरची अमेरिकेतून. अंबडच्या परिसरातील मध्यम काळी, खाली मुरमाचा थर असलेली, पाण्याचा निचरा होणारी जमीन मोसंबीला मानवली. भारी, चिबड जमिनीत ती टिकत नाही. मुळे कुजतात आणि बुंध्यातून डिंक गळू लागतो. जमिनीत चुनखडी फार असली तर पाने पिवळी पडतात. कोरडी हवा, कडक उन्हाळा आणि हिवाळ्यातील थंड रात्री यांच्या मेळाने या भागातील फळाला त्याचा गोडवा लाभतो.

फळ ओळखणे अवघड नाही. सालीवर देठापासून बुडापर्यंत उभ्या, किंचित खोलगट रेघा असतात; बुडाशी नाण्याने ठसा उमटवावा तसे एक वर्तुळ असते. साल गराला घट्ट धरून असते, संत्र्यासारखी हाताने सुटत नाही. रस फिक्या पिवळ्या रंगाचा, भरपूर, बिया पुष्कळ. आंध्र प्रदेशातून बाजारात येणारी सातगुडी ही हिची चुलत बहीण. तिची साल नितळ, रंग अधिक नारिंगी आणि चवीला किंचित आंबटपणा. मोसंबीत आम्लाचे प्रमाण फारच कमी. म्हणूनच आजाऱ्याच्या उशाशी मोसंबी ठेवण्याची आपल्याकडे पद्धत पडली. तोंडाला चव नसलेल्या माणसालाही ती गोड लागते. आणखी एक गोष्ट या भागातील शेतकरी जाणतात आणि उत्तरेकडील गिऱ्हाईक जाणत नाही. आंबे बहाराचे फळ पावसाळ्याच्या अखेरीस तोडणीला येते तेव्हा रात्री अजून उबदार असतात, म्हणून सालीचा हिरवेपणा जात नाही. पण आतून फळ गोड झालेले असते. रंग थंडीने येतो, गोडी वयाने. बाजार मात्र रंगाला पैसे देतो.

कमी आंबटपणा हा ज्याप्रमाणे मोसंबीचा गुण, त्याचप्रमाणे तिचा एक दोष तिच्या साऱ्या अर्थशास्त्राला व्यापून राहिला आहे. तिचा रस काढून ठेवला किंवा तापविला की काही वेळाने कडवट होतो. ताज्या फळात न जाणवणारा हा कडूपणा रस काढल्यावर हळूहळू प्रकट होतो. त्यामुळे रस डब्यात किंवा बाटलीत भरून वर्षभर विकण्याचा उद्योग मोसंबीच्या आधारावर सहज उभा राहत नाही. टोमॅटोचा किंवा आंब्याचा भाव कोसळला तर निदान गर करणारा कारखाना कोठे तरी असतो. मोसंबीला रसवंतीची गाडी आणि फळांचे दुकान याशिवाय दुसरे घर नाही. फळ तयार झाल्यावर काही आठवडे झाडावर राखता येते, एवढीच काय ती सवलत. त्या मुदतीत वादळ झाले, फळगळ सुरू झाली किंवा घरात लग्नकार्य आले, की सवलतही संपते. सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्याला हे सर्व उत्तम ठाऊक असते.

सौद्याची रीत अशी. व्यापारी बागेत येतो, झाडांवरून नजर टाकतो, आणि एकतर सबंध बाग उक्ती ठरवितो किंवा टनावर भाव बोलतो. थोडा इसार हातावर ठेवतो. पुढे बाजार चढला तर तोडणी लगबगीने होते. बाजार उतरला तर ‘माल बारीक आहे’, ‘डाग आहे’ अशी कारणे निघतात आणि इसारावर पाणी सोडून व्यापारी निघून जातो, किंवा भाव पाडून घेतो. टनावर विक्री असेल तर आणखी एक जुनी खोड आहे. एका टनाचे पैसे द्यायचे आणि वर काही क्विंटल फळ ‘सूट’ म्हणून फुकट घ्यायचे. ही सूट कोणत्या कायद्यात आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ती ‘रिवाजा’त आहे. सावकाराचे व्याज धान्यात मोजण्याचाही एके काळी रिवाजच होता. नियमनमुक्तीने शेतकऱ्याला ‘कोठेही विकण्याचे स्वातंत्र्य’ मिळाले, असे 2016 मध्ये सांगण्यात आले. ज्याच्या दारी एकच गिऱ्हाईक येते त्याला कोठेही विकण्याचे स्वातंत्र्य म्हणजे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. बाजार समित्यांत दोष होते, दलालांचे राज्य होते, हे मान्यच आहे. त्यांच्या सुधारणेसाठी चळवळीने पूर्वीही आवाज उठविला आहे. पण निदान काटा सार्वजनिक होता आणि तक्रार करायला एक दार होते. बांधावरचा काटा व्यापाऱ्याच्या गाडीतून येतो आणि त्याच गाडीतून जातो.

अशा बाजारात भौगोलिक निर्देशनाचे काय होते? नावाला किंमत येते ती गिऱ्हाइकाच्या हातात पडताना फळावर नाव असेल तर. जालन्याची मोसंबी ट्रकमधून सुटी निघते, मोठ्या शहरांच्या बाजारात इतर मालात मिसळते, आणि रसाच्या पेल्यात तर तिला ना गाव उरते ना जात. नोंदणीचा लाभ घ्यायचा तर प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो, माल वेगळा बांधावा लागतो, त्याची प्रतवारी करावी लागते, आणि हे सर्व करणारी संस्था हाताशी असावी लागते. दोन एकरवाल्याने हे एकट्याने करावे अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे त्याच्या गळ्यात पदक घालून त्याला उपाशी ठेवण्यासारखे आहे.

आता पाण्याकडे वळू. मोसंबीच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘ताण’ हा शब्द वारंवार येतो. बहार धरायचा असेल तर त्याआधी महिना-दीड महिना झाडाचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, काही गळतात, झाड वाढ थांबवून आत साठा करते. मग मशागत करून, खत घालून पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी भरून जाते. हाच आंबे बहार. पावसाच्या पाण्यावर जूनमध्ये धरला तो मृग बहार. ताण ही मोठी नाजूक विद्या आहे. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. किती दिवस द्यायचा हे पुस्तक सांगत नाही, पान सांगते. पण या विद्येला एक आधार गृहीत आहे: ताणाच्या शेवटी पाणी मिळणार. 2012 साली पाऊस रुसला आणि 2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात जो ताण बसला, त्याला शेवटच नव्हता. विहिरी आटल्या, विंधन विहिरींतून धूळ निघाली. शेतकऱ्यांनी आधी फळे तोडून टाकली, मग फांद्या छाटल्या, मग टँकरने पाणी घातले, आणि पैसे संपले तेव्हा वाळलेल्या झाडांना कुऱ्हाड लावली.

टँकरचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. वीस-वीस फुटांवर, म्हणजे सुमारे सहा मीटर अंतराने, लावलेल्या बागेत हेक्टरी 277 झाडे बसतात. दोन एकरांत सव्वादोनशेच्या आसपास. पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात ठिबकने रोज शंभर लिटर पाणी धरले, आणि हा आकडा हात आखडूनच धरला आहे, तर दोन एकरांना दररोज बावीस हजार लिटर लागते. दहा हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडे. शंभर दिवसांचा उन्हाळा म्हणजे दोनशेहून अधिक टँकर. एवढे पाणी विकत घेऊन जगविलेल्या झाडाचे फळ कोणत्या भावाने विकले म्हणजे खर्च निघेल, याचे उत्तर कोणत्याही बाजारात मिळणार नाही. तरीही अनेकांनी ते केले. कारण मोसंबीला पहिले फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि बाग खऱ्या अर्थाने हाताशी यायला आणखी दोन. कापूस वाळला तर एक हंगाम जातो. मोसंबी वाळली तर सात वर्षे मागे जावे लागते. याला शेतकऱ्याचा हट्ट म्हणून चालणार नाही. भांडवल जमिनीत उभे असलेल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो.

आणि हे सर्व घडत होते ते कोठे? जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पंचक्रोशीत. पैठणच्या या धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. दोनशे किलोमीटरहून लांब असलेला डावा कालवा पैठणहून अंबड-घनसावंगीच्या अंगाने परभणीकडे जातो. निजामी राजवटीत उपेक्षित राहिलेल्या मराठवाड्याला हे पाणी म्हणजे न्यायाचा पहिला हप्ता वाटला होता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या एका पिकाला, दोन पिकांना आधार मिळावा, हा त्या योजनेमागचा विचार. प्रत्यक्षात कालव्याच्या वरच्या टोकाला ऊस उभा राहिला. अंबड तालुक्यातच अंकुशनगरला सहकारी साखर कारखाना झाला. शेजारच्या तालुक्यांतही कारखाने झाले. शेपटाकडच्या गावांना पाणी केव्हा येईल याची शाश्वती उरली नाही. वर नाशिक-नगरकडील धरणांत पाणी अडल्यामुळे जायकवाडीच भरत नाही, ही तक्रार खरी आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, त्यासाठी मराठवाड्याला न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले, आणि ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले. हा लढा योग्यच होता. पण धरणाबाहेर न्याय मागणाऱ्याने धरणाच्या आत, आपल्याच कालव्यावर, वाटप कसे होते याकडे पाठ फिरवू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ऊस लावणारा शेतकरी हा मोसंबीवाल्याचा शत्रू नव्हे; पुष्कळदा तो एकच माणूस असतो. त्याने बाग मोडून ऊस का लावला याचे कारण त्याच्या आळसात किंवा हव्यासात शोधणे अन्यायाचे होईल. उसाला 1966 च्या नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. केंद्र शासन दर ठरविते. तोडणीनंतर चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, असे त्या आदेशात लिहिलेले आहे. ते पाळले जातेच असे नाही, त्यासाठी आंदोलने करावी लागतात. पण आंदोलनाला बोट ठेवायला एक कलम तरी आहे. मोसंबीच्या शेतकऱ्याला असे कलमच नाही. उसाच्या साधारण निम्म्या पाण्यावर येणारे, जवळच्या माणसांना काम देणारे, प्रदेशाच्या नावाने ओळखले जाणारे पीक कायद्याच्या दृष्टीने अनाथ आहे, आणि दुप्पट पाणी पिणाऱ्या पिकाला पालक आहे. शेतकरी पीक बदलतो तेव्हा तो शासनाच्या धोरणाचेच पालन करीत असतो.

पक्षाच्या काही कार्यकर्त्यांचा या विषयावर एक आक्षेप असतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मोसंबी हे बागायतदाराचे पीक; ज्याच्याकडे विहीर आहे, पंप आहे, सात वर्षे थांबण्याची ऐपत आहे त्याचे. भूमिहीनाच्या आणि अडीच एकर कोरडवाहूवाल्याच्या पक्षाने त्याच्यासाठी अश्रू का ढाळावेत? या आक्षेपात तथ्याचा मोठा अंश आहे. बागेच्या मालकाला अनुदान, बागेत खुरपणाऱ्या बाईला रोजगार हमीपेक्षाही कमी मजुरी, असे चित्र असेल तर त्या बागेच्या नावाचा गौरव पक्षाने करू नये. पण 1990 नंतर चित्र पालटले होते, हेही विसरता येत नाही. 1972 च्या दुष्काळाच्या पोटी जन्मलेल्या रोजगार हमीला 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. तिच्याशी 1990 साली फळबाग लागवड जोडली गेली. ज्याने आयुष्यात बाग पाहिली नव्हती अशा अल्पभूधारकाच्या बांधावर शासकीय मजुरीने खड्डे खणले गेले आणि झाडे लागली. श्रमाच्या हक्कातून संपत्ती निर्माण करण्याचा, आणि ती संपत्ती लहान माणसाच्या नावावर राहील असे पाहण्याचा, स्वतंत्र भारतातील तो एक महत्त्वाचा प्रयोग होय. दुष्काळात सर्वांत आधी वाळल्या त्या अशाच बागा. कारण शेततळे खोदून त्यात कापड अंथरण्याची ऐपत मोठ्या बागायतदाराची होती.

शिवाय मजुराचा प्रश्न आहेच. अंबड-घनसावंगीतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात. मुलांच्या शाळा सुटतात, म्हाताऱ्यांच्या हवाली घरे पडतात. मोसंबीच्या बागेत आळी करणे, छाटणी, बुंध्याला बोर्डो मलम लावणे, फवारणी, तोडणी, निवड ही कामे गावातच मिळतात आणि वर्षभर विखुरलेली असतात. बाग तुटली म्हणजे मालकाचे भांडवल जाते. मजुराला कोयता घेऊन गाव सोडावे लागते. त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

मात्र बागायतदारालाही एक खडा बोल ऐकविला पाहिजे. बसाल्टच्या कठीण खडकात पाणी साठत नाही. वरच्या झिजलेल्या थरात जे मुरते तेवढेच. शेजाऱ्याची विहीर उथळ आहे म्हणून आपण खाली सहाशे-सातशे फूट जायचे, आणि त्या पाण्यावर पाच एकरांची बाग दहा एकर करायची, हा व्यवहार वैयक्तिक हुशारीचा असला तरी सामाजिक दिवाळखोरीचा आहे. अंबडच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. मत्स्योदरीच्या टेकडीखाली वसलेल्या या गावात अहिल्यादेवी होळकरांच्या नावाशी जोडलेली पुष्करणी बारव आहे. पाणी पायऱ्यांनी उतरून सर्वांनी घ्यायचे, हे त्या बांधणीतच आहे. विंधन विहिरीला पायऱ्या नसतात.

राहिला प्रश्न खुद्द वाणाचा. मोसंबीचे कलम म्हणजे दोन झाडांची सोयरीक. खाली जंबुरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, वर निवडलेल्या मातृवृक्षाचा डोळा. वरचा डोळा फळ ठरवितो. खालचा खुंट आयुष्य ठरवितो. म्हणजे तालुक्यातील एकाच मातृवृक्षापासून आलेल्या हजार झाडांत वाणाच्या दृष्टीने झाड एकच आहे. त्याचे गुणही एक आणि त्याचे रोगही एक. मातृवृक्षात विषाणू असेल तर डोळ्याबरोबर तो हजार बागांत जातो. लिंबूवर्गीय झाडांत निसर्गाने यावर एक तोड ठेवली आहे. यांच्या एका बीतून अनेक अंकुर फुटतात आणि त्यांतील बहुतेक परागाशिवाय, आईच्याच पेशींतून तयार झालेले असतात. असे रोप आईची हुबेहूब प्रत असते, पण बहुतेक विषाणू बीमधून उतरत नसल्यामुळे निरोगी असते. न्यूसेलर मोसंबी म्हणून जी ओळखली जाते ती याच मार्गाने आली. जुना वाण, नवे आयुष्य.

हे काम बाजार करीत नाही, कारण त्याला वर्षे लागतात आणि त्याचे फळ सर्वांना मिळते. म्हणून ते सार्वजनिक संस्थेनेच करायचे असते. बदनापूरला मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, फळ रोपवाटिकांवर नियंत्रणासाठी 1969 चा कायदा आहे. असे असूनही रस्त्याकडेच्या खासगी रोपवाटिकेतून कोणत्या झाडाचा डोळा आणि कोणता खुंट आपल्या पदरात पडला, हे शेतकऱ्याला पाच वर्षांनी कळते. तोवर पावती हरवलेली असते. कलमे अपुरी, माणसे अपुरी, निधी अपुरा, ही सार्वजनिक केंद्रांची नेहमीची कहाणी. अतिवृष्टीच्या वर्षी तर खुंटाचे महत्त्व आणखी कळते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, तशा पावसात पाणी साचलेल्या रानात मूळकूज आणि डिंक्या यांना रान मोकळे मिळते. दुष्काळात वाचलेले झाड ओलाव्याने मरावे, यापरते दुर्दैव कोणते!

कॅलिफोर्नियातील नाभी-संत्र्याची कहाणी या संदर्भात उद्बोधक आहे. ब्राझीलच्या बाहियातून आलेला तो वाण अमेरिकेच्या सरकारी कृषी खात्याने वॉशिंग्टनमध्ये वाढविला आणि 1873 साली रिव्हरसाइड येथील एलायझा टिबेट्स या बाईंना त्याची रोपे मोफत दिली. त्या रोपांच्या डोळ्यांवर पुढे सबंध प्रांताचा धंदा उभा राहिला. उत्पादकांनी 1893 साली सहकारी विक्री संघ काढला, तोच पुढे सनकिस्ट नावाने जगभर पोहोचला. 1907 साली तेथे सरकारी खर्चाने लिंबूवर्गीय संशोधन केंद्र निघाले. त्या मूळ झाडांपैकी एक आजही सार्वजनिक जागेत उभे आहे आणि रोगवाहक किडीपासून त्याला जपले जाते. भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशात वाण राखला तो सरकारने, आणि विकला तो सहकाराने. त्याच कहाणीची दुसरी बाजूही आहे. 1936 साली ऑरेंज काउंटीतील मेक्सिकन फळतोड मजुरांनी संप केला तेव्हा तो बळाने चिरडण्यात आला. मालकांचा सहकार आणि मजुरांची मुस्कटदाबी एकाच बागेत सुखाने नांदू शकतात. आपल्याकडे सहकारी साखरेच्या परिसरात राहणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. म्हणून मोसंबी उत्पादकांची संस्था निघेल तेव्हा तोडणी-निवडीच्या मजुरांना तिच्या कारभारात जागा असावी, ही अट पहिल्या दिवसापासून घातली पाहिजे.

तात्काळ करण्यासारखी कामे मोठी नाहीत. बदनापूरच्या केंद्रात आणि प्रत्येक तालुक्यात खात्रीच्या मातृवृक्षांची राखीव बाग, व तिच्या डोळ्यांची कलमे नोंदीसह. टनामागची ‘सूट’ हा वजन-मापाचा गुन्हा समजून त्यावर खटले. उन्हाळी आवर्तनात, उभ्या फळझाडांच्या पहिल्या दोन एकरांना कालव्याच्या वरच्या टोकापासून शेपटापर्यंत सारख्या प्रमाणात पाणी. दोन एकरांवरील क्षेत्राचा विचार त्यानंतर. या शेवटच्या मागणीला विरोध होईल आणि तो पक्षाच्या मित्रवर्तुळातूनही होईल. तरी ती सोडता कामा नये. कारण बाकीच्या मागण्यांना सर्वच पक्ष मान डोलावतील.

कालव्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक पावसाळा संपल्यावर ठरते आणि ते पाणीमागणीच्या अर्जांवर ठरते. ज्याचा नमुना क्रमांक 7 चा अर्ज नाही, त्याची बाग पाटबंधारे खात्याच्या लेखी अस्तित्वात नसते. अल्पभूधारक हा अर्ज भरत नाही; जुनी पाणीपट्टी थकलेली असते, किंवा शेपटाला पाणी येतच नाही तर अर्ज कशाला, असे त्याला वाटते. मग आकडेवारीत ऊस दिसतो, मोसंबी दिसत नाही, आणि पाणी आकडेवारीमागे जाते. अंबड आणि घनसावंगीच्या शाखांनी दसऱ्यापूर्वी शेपटाकडच्या गावांतून हे अर्ज भरून घेण्याचे काम हाती घ्यावे, थकबाकीच्या हप्त्यांची मागणी त्याच अर्जांसोबत जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय उपविभागाच्या कचेरीतून परतू नये.